पेशी चुकली, वॉरंट निघालं: जामिनावर असलेल्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटला चालू आहे, आरोपी जामिनावर बाहेर आहे आणि एखादी पेशी, म्हणजे खटल्याची तारीख, राहून गेली. अशा वेळी रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मराठी घरांतून जे प्रश्न वकिलांकडे येतात, ते इथे घेतले आहेत. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर सल्ला देतात तो तिकडच्या अनुभवावर. कायदा सगळीकडे तोच, पण इथली रीत, इथले कागद थोडे वेगळे. म्हणून पेशी, हाजिरी माफी (त्या दिवशी हजर न राहण्याची सूट), पावती (जामीनदाराची ऋण पुस्तिका) हे इथल्या कोर्टात रोज कानावर पडणारे शब्द तसेच ठेवले आहेत.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खाली दिलेली कलमं नव्या कायद्यांची आहेत; न्याय संहितेचं असं लिहिलेलं नसेल तिथे कलम नागरिक सुरक्षा संहितेचं समजा. तुमचा खटला त्याआधीपासून चालू असेल तर कागदांवर जुनी कलमं दिसतील. तपशिलात काही बदल आहेत, पण पेशी आणि जामिनाचा गाभा तोच आहे.

आजची पेशी चुकली. आता काय होणार?

आधी कोर्टात काय घडलं असेल ते समजून घ्या. शिपाई दाराशी येऊन नावाचा पुकारा करतो. कोणी पुढे आलं नाही तर फाइल बाजूला ठेवतात आणि बहुतेक ठिकाणी दुपारनंतर पुन्हा एकदा पुकारा होतो. तुमचे वकील हजर असतील आणि त्यांनी हाजिरी माफीचा अर्ज दिला असेल, तर न्यायाधीश तो मान्य करून पुढची तारीख देऊ शकतात. वकीलही नव्हते, अर्जही नव्हता, तर ऑर्डरशीटवर आरोपी गैरहजर अशी नोंद होते आणि त्याखाली दोन-तीन ओळींत पुढचा आदेश येतो: वॉरंट, मुचलका (हजर राहण्याची लेखी हमी) जप्त, जामीनदाराला नोटीस. तिन्ही एकदम होतीलच असं नाही. पहिल्याच चुकीला कोर्ट नुसतं जामीनपात्र वॉरंटही काढतं.

आज रात्रीच वकिलांना फोन करा. उद्या सकाळी ऑर्डरशीट पाहून आदेश नेमका काय झालाय ते कळवायला सांगा. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर खटल्याचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, आदेश मात्र तिथे लगेच चढेलच असं नाही. ॲपवर वॉरंट दिसत नाही म्हणजे निघालंच नाही असं समजून घरी बसू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झालेला माणूस आणि सहा महिन्यांनी पोलिसांनी धरून आणलेला माणूस यांच्याकडे कोर्ट एकाच नजरेने पाहत नाही. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

जामीनपात्र आणि अजामीनपात्र वॉरंटमध्ये फरक काय?

जामीनपात्र वॉरंटवर रक्कम लिहिलेली असते. पोलिस घरी येतात, तेवढ्या रकमेचा मुचलका आणि जामीन घेतात आणि अमुक तारखेला हजर राहा असं सांगून सोडतात. अजामीनपात्र वॉरंटवर त्यांना तुम्हाला सोडता येत नाही. ते तुम्हाला कोर्टापुढे उभं करतात आणि पुढचं न्यायाधीश ठरवतात.

अजामीनपात्र वॉरंट उठसूट काढू नये, आधी समन्स किंवा जामीनपात्र वॉरंट काढून पाहावं, माणूस मुद्दाम टाळतोय असं दिसलं तरच पुढचं पाऊल उचलावं, असं सर्वोच्च न्यायालयाने इंदर मोहन गोस्वामी खटल्यात २००७ साली सांगितलं आहे. वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात वकील या निकालाचा आधार घेतात. पण जामिनावर असलेला माणूस लागोपाठ दोन-तीन पेशींना आला नाही, तर हा आधार लंगडा पडतो हेही खरं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. गुन्हा जामीनपात्र आहे, मग वॉरंटही जामीनपात्रच असणार असं लोक धरून चालतात. तसं नाही. चेक बाउन्सचा खटला जामीनपात्र असतो, तरी सतत गैरहजर राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट निघतं. शिवाय जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क असला, तरी मुचलक्यात लिहिल्याप्रमाणे हजर न राहिलेल्याला पुढच्या वेळी तो हक्क नाकारण्याची मुभा कलम ४७८ कोर्टाला देतं.

वॉरंट किती दिवस चालतं? वर्षभराने आपोआप रद्द होतं ना?

नाही. कलम ७२ प्रमाणे वॉरंट काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत ते जिवंत राहतं.

ठाण्यातून सांगितलं की "स्थायी वारंट" आहे. म्हणजे काय?

वारंवार वॉरंट काढूनही आरोपी सापडत नाही, नजीकच्या काळात सापडेल असंही दिसत नाही, तेव्हा कोर्ट त्याला फरार ठरवून स्थायी वॉरंट काढतं आणि फाइल रेकॉर्ड रूममध्ये जाते. त्यानंतर पेशी लागत नाही. लोकांना वाटतं खटला मिटला. मिटलेला नसतो. वॉरंटची नोंद ठाण्याच्या यादीत राहते आणि निवडणुका किंवा मोठे सण जवळ आले, रात्रीची कॉम्बिंग गस्त निघाली, की पोलिस तीच यादी हातात घेऊन दारं वाजवतात. जुन्या भांडणाच्या खटल्यातला माणूस, आता पोटापाण्याला लागलेला, मुलंबाळं असलेला, मध्यरात्री घरातून उचलला जातो आणि बायकोला तो खटला होता हेच माहीत नसतं. अशी घरं या शहरात आहेत.

तुमच्या नावावर असं काही असण्याची शंका असेल, तर वकिलामार्फत जुनी फाइल रेकॉर्ड रूममधून काढवून घ्या. स्वतः हजर होऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. खटला जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो.

माझ्यासाठी मामा जामीनदार राहिले आहेत. त्यांचं काय?

जामीनदार बहुतेक वेळा मामा, काका, मेहुणा, नाहीतर वडिलांचा जुना मित्र असतो. आरोपी एक पेशी चुकवतो आणि नोटीस या माणसाच्या घरी जाते.

जामीन देताना दोन वेगळे कागद होतात. एक तुमचा मुचलका, दुसरा जामीनदाराचा. पन्नास हजारांचा जामीन असेल तर तुम्ही पन्नास हजारांचे बांधील आणि मामाही पन्नास हजारांचे बांधील. त्या दिवशी कोणी रोख भरत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की ही नुसती सही आहे. इथल्या कोर्टात जामीनदाराची ऋण पुस्तिका, म्हणजे आपण जिला पावती म्हणतो ती, घेतात. शेतजमीन कुठे, किती, कोणाच्या नावावर हे त्यात असतं आणि कोणत्या खटल्यात कोणासाठी जामीन दिला याची नोंद त्यावर केली जाते. ही नोंद असेपर्यंत मामांना तीच पावती दुसऱ्या कोणासाठी पुढे करायची झाली तर अडचण येते. कलम ४८६ प्रमाणे जामीनदाराला आपण आधी किती जणांचे जामीनदार आहोत हेही कोर्टाला सांगावं लागतं.

तुम्ही हजर राहिला नाहीत की कलम ४९१ लागू होतं. मुचलका जप्त झाल्याची नोंद झाली, की कोर्ट जामीनदाराला नोटीस काढतं: रक्कम भरा, नाहीतर का भरू नये ते सांगा. या नोटिशीला उत्तर न देणं ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. उत्तर दिलं नाही किंवा कारण पटलं नाही तर रक्कम दंडासारखी वसूल होते, म्हणजे मालमत्तेची कुर्की (जप्ती) येऊ शकते. तरीही वसुली झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याचा आदेशही होऊ शकतो. गुन्हा भाच्याचा आणि कैद मामाला, हे ऐकून लोक चमकतात, पण कायद्यात तसं लिहिलं आहे.

त्यातून सुटण्याचे रस्तेही कायद्यातच आहेत. जामीनदाराने स्वतः हजर होऊन सांगावं की आरोपीला हजर करायला मुदत द्या. आरोपी हजर झाला आणि त्याने खरं कारण दिलं तर कोर्ट रक्कम कमी करू शकतं, मात्र त्याची कारणं लिहून. वसुलीच्या आदेशावर अपीलही करता येतं. मुचलका जप्त होण्याआधीच जामीनदार वारला तर त्याच्या मालमत्तेवर बोजा राहत नाही, पण आरोपीला नवा जामीनदार आणावा लागतो.

म्हणून पेशी चुकली की वकिलानंतरचा दुसरा फोन मामांना करा. नोटीस पोस्टमनच्या हातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेली बरी. तुम्ही गप्प बसलात आणि नोटीस थेट त्यांच्या दारात गेली, तर पैसे पुढे कधीतरी फिटतील, पण दिवाळीला त्या घरी पाय ठेवताना जड जाईल.

मीच जामीनदार आहे आणि आता मला यातून बाहेर पडायचं आहे. मुलगा फोन उचलत नाही.

कलम ४८९ खाली केव्हाही अर्ज करता येतो. कोर्ट आरोपीला हजर करण्यासाठी वॉरंट काढतं. तो आला की तुमचा मुचलका मोकळा होतो आणि त्याला दुसरा जामीनदार द्यायला सांगतात. देता आला नाही तर त्याची रवानगी तुरुंगात होते. आपल्याच माणसाविरुद्ध असा अर्ज द्यायचा म्हणजे मनाला लागतं. पण मुलगा गाव सोडून गेला आहे आणि पत्ता देत नाही हे दिसत असताना वाट पाहण्यात तुमचंच नुकसान आहे. मुचलका जप्त होण्याआधी केलेला अर्ज आणि नंतर केलेला अर्ज यांत फार अंतर पडतं. अर्ज मंजूर झाला की पावतीवरची नोंद काढून घ्यायला विसरू नका.

मला नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सोडलं होतं. पुन्हा तसंच सोडतील?

सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिला असाल तर कलम ४९२ प्रमाणे तो मुचलका रद्द होतो आणि पुन्हा केवळ जातमुचलक्यावर सुटका होत नाही. नवा मुचलका आणि जामीनदार लागतात.

इंदूरमध्ये आमचं कोणी नाही. नाशिकचे काका जामीनदार चालतील?

कायद्यात मनाई नाही. या मुद्द्यावर सगळ्यात मोठा निकाल मध्य प्रदेशातूनच आला आहे. मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता आणि त्याच्या भावाला केवळ मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून जामीनदार मानायला दंडाधिकाऱ्यांनी नकार दिला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा नकार चुकीचा ठरवला आणि रक्कमही माणसाच्या ऐपतीप्रमाणे असावी असं सांगितलं. व्यवहारात मात्र बाहेरच्या राज्यातल्या कागदांची पडताळणी व्हायला वेळ लागतो. सातबारा, आधार, घरपट्टीची पावती असं सगळं घेऊन काकांना एक दिवस आधीच बोलवा.

कोर्टाच्या आवारात एक जण म्हणाला, पैसे द्या, जामीनदार मी आणून देतो. घ्यावा का?

मुळीच नाही. काही परदेशांत पैसे घेऊन जामीन भरणाऱ्या कंपन्या असतात. आपल्याकडे असा धंदा कायद्यात नाही. आवारात मिळणाऱ्या अशा माणसाची पावती बनावट निघाली तर बनावट कागद कोर्टात दिल्याचा नवा गुन्हा दाखल होतो आणि त्यात तुमचंही नाव येऊ शकतं. मूळ खटला किरकोळ मारामारीचा आणि डोक्यावर आला बनावट दस्तऐवजाचा, असं होऊन बसतं.

हजर न राहणं हा स्वतंत्र गुन्हा आहे का?

आहे. जामिनावर सुटलेला माणूस सबळ कारणाशिवाय कोर्टात हजर झाला नाही तर न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कारण सबळ होतं हे आरोपीला स्वतः सिद्ध करावं लागतं. मूळ खटल्यात पुढे निर्दोष सुटलात म्हणून हे पुसलं जाईल असं धरून चालू नका. मूळ गुन्ह्याची शिक्षा वेगळी, ही वेगळी.

प्रत्येक चुकलेल्या पेशीवर हा गुन्हा दाखल होतो असं नाही. पण कलम आहे, हे माहीत असावं.

फरारीची उद्घोषणा म्हणजे काय? घरावर नोटीस चिकटवून गेले आहेत.

वॉरंट असूनही माणूस लपून बसला आहे असं कोर्टाला वाटलं की कलम ८४ खाली उद्घोषणा निघते. अमुक ठिकाणी, अमुक तारखेला हजर व्हा, आणि त्यासाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात. ती वस्तीत सर्वांसमोर वाचतात, घराच्या ठळक जागी लावतात, एक प्रत कोर्टात लावतात, कधी वर्तमानपत्रातही छापतात. चाळीत किंवा जुन्या वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाला हा दिवस कसा जातो ते वेगळं सांगायला नको. शेजारी जिन्यात उभे राहून वाचतात आणि घरातली म्हातारी माणसं दार लावून आत बसतात.

तरीही हजर झाला नाहीत तर न्याय संहितेच्या कलम २०९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात उद्घोषित अपराधी ठरलात तर सात वर्षांपर्यंत. सोबत कलम ८५ खाली मालमत्तेची कुर्की. माणूस मालमत्ता विकायच्या किंवा हलवायच्या तयारीत आहे असं दिसलं तर उद्घोषणेबरोबरच कुर्कीचा आदेश निघतो.

घर वडिलांच्या नावावर आहे. तेही जप्त होईल?

कुर्की आरोपीच्या मालमत्तेची असते. वडिलांच्या एकट्याच्या मालकीचं घर त्यात येत नाही. एकत्र कुटुंबाच्या जागेत आरोपीचा हिस्सा असेल तर मात्र वाद उभा राहतो. कुर्की झालेल्या वस्तूवर आपला हक्क आहे असं म्हणणाऱ्या घरच्यांनी सहा महिन्यांच्या आत कोर्टात दावा मांडायचा असतो. आरोपी स्वतः दोन वर्षांच्या आत आला आणि आपण पळालो नव्हतो, उद्घोषणा आपल्याला कळलीच नव्हती हे पटवून दिलं, तर मालमत्ता किंवा तिची उरलेली किंमत परत मिळू शकते.

मी नसताना खटला चालून शिक्षा होऊ शकते?

पूर्वी फार तर साक्षी नोंदवून ठेवत. तो मार्ग कलम ३३५ मध्ये अजून आहे: फरार आरोपीच्या माघारी साक्षीदारांचे जबाब होतात आणि साक्षीदार पुढे वारला किंवा सापडला नाही तर तोच जबाब तुमच्याविरुद्ध वापरला जातो. उलटतपासणीची संधी कायमची गेली.

नव्या कायद्यात कलम ३५६ ने त्याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे. गंभीर गुन्ह्यातला उद्घोषित अपराधी खटला टाळायला पळाला असेल आणि लवकर सापडण्याची शक्यता नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकालही देता येतो. त्याआधी किमान तीस दिवसांच्या अंतराने लागोपाठ दोन वॉरंट, वर्तमानपत्रात सूचना, नातेवाइकाला कळवणं, घरावर सूचना लावणं हे सगळं करावं लागतं आणि आरोप निश्चित झाल्यापासून नव्वद दिवस जावे लागतात. वकील नसेल तर सरकारी खर्चाने देतात. अशा निकालावर अपील करायचं तर स्वतः अपील कोर्टापुढे हजर व्हावं लागतं आणि तीन वर्षांनंतर अपीलच होत नाही.

मी पुण्यात नोकरी करतो. दर पेशीला इंदूरला येणं अशक्य आहे.

इंदूर-पुणे रात्रीच्या बसने यायचं, कोर्टात दिवसभर थांबायचं, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत रात्रीची बस. दोन दिवस रजा, आणि ऐनवेळी कळतं की साक्षीदार आलाच नाही. हा त्रास खरा आहे आणि कायद्याने त्याला वाट ठेवली आहे.

एका दिवसापुरती सूट हवी तर कलम ३५५ खाली हाजिरी माफीचा अर्ज वकील देतात. तो पुकाऱ्याच्या आधी द्यायचा, कारणाच्या पुराव्यासह द्यायचा आणि वकील स्वतः उभे असायला हवेत. नेहमीसाठी सूट हवी असेल तर दंडाधिकाऱ्यांनी समन्स काढलेल्या खटल्यात कलम २२८ खाली, वकिलामार्फत हजर राहण्याची कायम परवानगी मागता येते. कोर्ट अशी परवानगी सहसा अटींवर देतं: वकील प्रत्येक तारखेला येतील, साक्ष तुमच्या माघारी झाली तरी ओळखीबद्दल हरकत घेणार नाही, आणि बोलावलं की याल. नव्या कायद्याने कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायलाही मुभा दिली आहे, म्हणून व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची विनंती करता येते. मान्य करणं न्यायाधीशांच्या हाती.

माझं मत विचाराल तर दर वेळी एका दिवसाची माफी मागत राहू नका. चार-पाच अर्जांनंतर कोर्टाला वाटायला लागतं की हा माणूस टाळतोय, आणि नेमकी आरोप निश्चितीची किंवा आरोपीच्या जबाबाची तारीख असली की अर्ज फेटाळून वॉरंट निघतं. कायम सूट मागणारा एकच नीट अर्ज करा आणि महत्त्वाच्या तारखांना काहीही करून या.

कोणतं कारण चालतं, कोणतं चालत नाही?

दवाखान्यात भरती, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, दुसऱ्या कोर्टात त्याच दिवशी पेशी, बोर्डाची किंवा विद्यापीठाची परीक्षा: ही चालतात, कागद असले तर. डिस्चार्ज कार्ड हे ओळखीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा केव्हाही भारी. गाडी सहा तास उशिरा आली तर तिकीट जपून ठेवा.

घरात मुंज आहे, लग्न आहे, सोसायटीचा गणपती बसतोय ही कारणं आधी अर्ज दिला तर न्यायाधीश ऐकूनही घेतात. नंतर सांगितली तर नाही. "तारीख लक्षात राहिली नाही" हे सर्वांत जास्त दिलं जाणारं कारण, आणि सर्वांत कमी पटणारं.

खोटं मेडिकल सर्टिफिकेट देऊ नका. सरकारी वकिलांनी पडताळणी मागितली आणि ते खोटं निघालं तर जामीनच रद्द करण्याचा अर्ज येतो.

वकील म्हणाले होते, तुम्ही यायची गरज नाही. मग माझी काय चूक?

मुचलक्यावर सही तुमची आहे, त्यामुळे जबाबदारीही तुमचीच धरली जाते. वकिलांची चूक असेल तर ती अर्जात प्रांजळपणे लिहा. कोर्टं अशी कारणं ऐकतात, पण दर वेळी नाही. यापुढे "येऊ नका" असा निरोप मेसेजवर लेखी मागा आणि संध्याकाळी पुढची तारीख विचारून घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

हजर होण्याऐवजी थेट अटकपूर्व जामीन घेता येईल का?

फरार घोषित झालेल्याला अटकपूर्व जामीन सर्वसाधारणपणे मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश सरकार विरुद्ध प्रदीप शर्मा या डिसेंबर २०१३ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. नुसतं वॉरंट असेल तर ते काढणाऱ्या कोर्टापुढेच जाणं सरळ आणि स्वस्त. तिथे अर्ज फेटाळला गेला तर सत्र न्यायालय, आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ आहेच.

पोलिस वॉरंट घेऊन घरी आले तर काय करायचं?

वॉरंट दाखवायला सांगा, कोर्टाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक लिहून घ्या. अडवाअडवी करू नका, मागच्या दाराने पळू नका. अटक झाल्याचं एका नातेवाइकाला कळवण्याचा हक्क आहे. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, कोर्टापुढे हजर करावंच लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन करावी लागते. वॉरंट रद्द झालं असेल तर त्या आदेशाची प्रत घरात पुढेच ठेवा. रद्द झाल्याचा कागद ठाण्यापर्यंत पोहोचायला कधी कधी वेळ लागतो.

पासपोर्टवर परिणाम होतो का?

होतो. पासपोर्ट कायदा, १९६७ प्रमाणे वॉरंट किंवा समन्स निघालेलं असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, असलेला जप्तही करता येतो. मुलाची परदेशातली नोकरी ठरली आणि पोलिस पडताळणीत जुनं वॉरंट निघालं, की सगळं तिथेच अडतं.

एसीपी (सहायक पोलिस आयुक्त) कार्यालयातली शांतता राखण्याच्या मुचलक्याची पेशी चुकली तर?

इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये पोलिस आयुक्त व्यवस्था आल्यापासून अशा प्रतिबंधात्मक प्रकरणांची सुनावणी पोलिस अधिकारी करतात. ते कोर्ट नव्हे असं समजून लोक जात नाहीत. तिथूनही वॉरंट निघतं.

मी आरोपी नाही, साक्षीदार आहे किंवा फिर्यादी आहे. मला काय?

साक्षीदाराने समन्स मिळूनही टाळलं तर त्यालाही वॉरंट निघतं आणि दंड होतो. समन्सच्या, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्याच्या, खटल्यात फिर्यादीच आला नाही, तर त्याला मुदत देऊन नंतर आरोपीची सुटका होऊ शकते. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आला नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो, तो रद्द करून घेण्याचा अर्ज तीस दिवसांत करायचा. पोटगीच्या थकबाकीत हजर राहणं टाळलं तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीत असलेले आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. नवरा तुरुंगात आणि घरात पैसा नाही म्हणून महिनोन्‌महिने काहीच न करणाऱ्या बायकांना हे कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून तुमच्या ओळखीत कोणी असेल तर जरूर सांगा.

उद्या स्वतःहून हजर व्हायचं ठरवलं आहे. काय घेऊन जाऊ?

आधार कार्ड आणि त्याच्या प्रती, दोन-तीन फोटो, जुन्या जामिनाच्या आदेशाची प्रत, गैरहजेरीच्या कारणाचे मूळ कागद. जामीनदाराला सोबत न्या, पावतीसह. जुना मुचलका रद्द झाला असेल तर नवा त्याच दिवशी भरता येतो आणि रात्र तुरुंगात काढायची वेळ टळते. त्यांना यायला जमणार नसेल तर दुसरा कोणी तयार ठेवा. थोडी रोख रक्कम बरोबर असू द्या, कारण कोर्ट कधी कधी काही रकमेचा खर्च लावून वॉरंट रद्द करतं.

अकराच्या आत पोहोचा. वकील वॉरंट रद्द करण्याचा अर्ज देतील, तोवर तुम्हाला आवाराबाहेर जाता येणार नाही आणि निर्णय होईपर्यंत कोर्ट ताब्यातही घेऊ शकतं. काही वेळा, विशेषतः गैरहजेरी मोठी असली तर, अर्ज फेटाळून काही दिवसांसाठी तुरुंगात पाठवतात. त्याची तयारी ठेवा: रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि घरी कोणाला कळवायचं त्याचा नंबर कागदावर लिहिलेला, कारण मोबाइल जवळ राहणार नाही. वॉरंट रद्द झालं तर त्या आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा आणि ठाण्यातही एक देऊन पोच घ्या.